मांजरपुदिना आणि एक हट्टी दाढ

भुरभुर पाऊस पडत होता. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तिच्या छत्रीपासून हातभर अंतरावर एक माणूस वरून खाली आला.

आकाशातून नव्हे, दवाखान्याच्या बाथरूमच्या खिडकीतून. आधी एक पाय आला, मग दुसरा. मग बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग उरलेलं सगळं एकदम आलं. उठल्यावर त्याने आधी काखेतला थर्मास कानाशी धरून हलवून पाहिला. तो शाबूत आहे अशी खात्री झाल्यावर मग सवडीने गुडघ्याकडे लक्ष दिलं.

"लागलं का हो?" तिने विचारलं.

"श्शू... हळू बोला. आत कळेल."

"काय कळेल?"

"मी पळालोय ते."

हे त्याने सांगायची गरज नव्हती. त्याच्या गळ्यात दवाखान्याचा निळा रुमाल अजून तसाच बांधलेला होता. मावशींनी पेशंटला खुर्चीत बसवून रुमाल बांधायचा, आणि मग डॉक्टरांनी यायचं, अशी तिथली जुनी पद्धत. डॉक्टर येईपर्यंत पेशंटने हात धुवायला म्हणून जायचं आणि परत यायचं नाही, ही अलीकडची.

"तुम्हीही आतच निघालात?" तो पन्हळीखालून सरकत पत्र्याच्या आडोशाला आला. "एक सल्ला देऊ? नका जाऊ. म्हातारे डॉक्टर परवडले. एक झटका, विषय संपला. पण आता त्यांची पुतणी आलीय. ती आधी समजावून सांगते."

"मग चांगलंच की!"

"चांगलं? माझ्या शेजाऱ्यांना तिने दाढेच्या मुळांचं चित्र काढून दाखवलं. कुठली सुई कुठून शिरणार, कुठे वळणार, सगळं. बाणांसकट. शेजारी तिथून उठले ते तडक गावाला गेले. अजून आलेले नाहीत."

तिची छत्रीच्या दांड्यावरची मूठ आवळली. 'ती मीच' हे सांगायची खरी वेळ पहिल्या वाक्यानंतर असते. ती हुकली की माणूस खोटं बोलत नसूनही खोटा पडत जातो. ती गप्प राहिली. गप्प राहणं हा तिचा स्वभाव नव्हता, हे त्या शेजाऱ्यांनी सांगितलंच असतं.

दवाखाना तिच्या काकांचा. दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण ज्याने काढली त्याला काका भेटले नसावेत. त्यांनी उभं आयुष्य दुसऱ्यांचे दात कोरून पोटही भरलं आणि वर माडीही चढवली. आता त्यांचा हात थकला होता. खुर्ची पुतणीला द्यायची असं त्यांच्या मनात होतं. पण पेशंट तिचं प्रास्ताविक संपायच्या आत उठत होते. शेजारच्या चपलांच्या दुकानाला वाढायला जागा हवी होती, आणि काका स्पष्ट बोलणारे.

"पावसाळा संपेस्तोवर बघू," ते तिला म्हणाले होते. "पेशंट टिकले तर खुर्ची तुझी. नाहीतर जागा चपलवाल्याला. त्याच्याकडे माणसं निदान आपणहून पाय पुढे करतात."

तेव्हा हा जो माणूस तिच्यासमोर रुमाल सोडत उभा होता, तो साधा पळपुटा नव्हता. तो तिच्या खुर्चीचा एक पाय होता.

"चहा घेणार?" पळपुट्याने थर्मासचं झाकण भरून पुढे केलं. "घ्या. चेहरा पडलाय तुमचा."

चहा फिकट पिवळसर होता. वास पुदिन्यासारखा, पण पुदिन्याइतका आगाऊ नाही; वाळलेल्या गवताची आणि लिंबाची एक झुळूक असलेला. तिने घोट घेतला. काही विशेष झालं नाही. दुसरा घेतला, आणि खांदे कानांपासून थोडे खाली आले. इतके दिवस ते तिथे वर होते हेच तिला माहीत नव्हतं.

"काय आहे हे?"

"मांजरपुदिना. बियाण्याच्या पाकिटावर कॅटनिप लिहिलेलं असतं. मी पिकवतो, वाळवतो आणि विकतो. मांजराला चढतो, माणसाला उतरवतो."

याला पुरावा म्हणून कुठूनसं एक करडं मांजर आलं, त्याच्या ओल्या बुटाला गाल घासून तिथेच उताणं झालं.

"दूरदेशी साधा चहा पोचायच्या आधीपासून लोक हा प्यायचे," तो सांगू लागला, आणि सांगताना त्याचा आवाज असा झाला की पाऊसही जरा हळू पडतोय असं वाटावं. "झोप येत नसेल तर, पोटात गोळा आला तर. तापात घाम यावा म्हणून. रडक्या बाळांनाही चमचाभर द्यायचे म्हणे. मी नाही देत, आणि बाई पोटुशी असेल तर तिलाही नाही. औषध म्हणू नका. शांत बसायला एक निमित्त म्हणा. मुळांची मात्र गोष्ट वेगळी. पान माणसाला गरीब करतं आणि मूळ रागीट, अशी जुनी समजूत. फाशी देणारे लोक कामावर जाण्याआधी मूळ चघळायचे म्हणे. मन घट्ट व्हावं म्हणून."

"काका चघळत असतील," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. सगळ्या गावाला शांतता विकता, आणि स्वतः खिडकीतून उड्या मारता?"

"हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का?" तो हसला, आणि हसता हसता उजव्या गालाला हात लावून थांबला. "दाढेखाली पान धरलं की जरा बरं वाटतं. तीही जुनीच रीत. त्याच्यावर काढतोय दिवस."

"किती दिवस? गार लागतं की गरमही? रात्री ठणका मारतो? आ करा."

त्या 'आ करा'मध्ये असा काही सराव होता की त्याचं तोंड आपोआप उघडलं. आणि मग... उघडंच राहिलं.

"तुम्ही... त्या?"

"त्याच. बाणवाल्या."

करडं मांजर तेवढं निश्चिंत होतं. तो एकदा गल्लीच्या तोंडाकडे बघत होता, एकदा थर्मासच्या झाकणाकडे, जे तिच्या हातात होतं. झाकण तिच्याकडे होतं म्हणून तो पळाला नाही, असं त्याने पुढे पुष्कळदा सांगितलं. तिने त्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

"उद्या या," ती म्हणाली. "दाराने. दाढेला हात लावणार नाही. नुसतं खुर्चीत बसायचं, आणि घरी जायचं. येताना हा चहा आणा, माझ्या पेशंटांना."

"त्यांना कशाला?"

"तेही तुमच्याच पंथाचे आहेत."

*

तो आला. दाराने आला, पण मावशींनी त्याचं बारसं आधीच उरकलं होतं. "ताई, खिडकीवाले आलेत!" त्यांनी बाहेरून हाळी दिली. पेशंटांची नावं घेणं, त्यांना रुमाल बांधणं आणि त्यांची मापं काढणं ही तिन्ही कामं मावशी एकट्या सांभाळत.

तो खुर्चीत बसला. म्हणजे टेकला.

"हे बघा," ती हात धुता धुता म्हणाली, "तोंडात हत्यार असताना बोलता येत नाही. म्हणून खुणा ठरवू. दुखलं तर डावा हात वर करायचा. काही हवं असलं तर उजवा."

डावा हात वर गेला.

"अहो, मी अजून नळापाशी आहे!"

"नुसतं ऐकूनच दुखलं."

"हात खाली."

खाली आला. जरा वेळाने उजवा वर गेला.

"आता काय हवंय?"

"तुम्ही बोलत राहा. मुळं आणि सुया सोडून... काहीही."

मुळं आणि सुया सोडून आपल्याकडे बोलण्यासारखं काही आहे का, याचा तिने बऱ्याच वर्षांत विचार केला नव्हता. होतं, आणि चांगलं घसघशीत होतं. लहानपणी ती भावल्यांना ओळीने बसवून त्यांचे दात तपासायची. भावल्यांना दात नाहीत हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नव्हती. तो इतका हसला की विसरून खुर्चीत मागे रेलला. ती खुर्ची पहिल्यांदाच कोणाला आरामाची वाटली असावी.

मग हा रोजचाच पाठ झाला. सकाळी तो पानं घेऊन यायचा आणि मावशींना चहा शिकवायचा. "उकळायचा नाही हो, मावशी. उकळलेलं पाणी पानांवर ओतायचं आणि वर ताटली झाकायची. वास उडाला की गुण उडाला."

"चहा आणि उकळायचा नाही?" मावशींनी त्याच्याकडे बघितलं. "अंघोळ करा पण भिजू नका, असं झालं हे."

पण त्यांनी ऐकलं. बाहेर बसलेल्या माणसांच्या हातात कप आले. हातात गरम कप असला की पळताना पंचाईत होते, हा चहाचा पहिला गुण. दुसरा गुण पोटात गेल्यावर लागू पडायचा. आतून यंत्राची घरघर सुरू झाली की जी माणसं पूर्वी चपला शोधू लागत, ती आता नुसताच एक सुस्कारा टाकत.

आणि रोज, शेवटचा पेशंट गेला की, तो खुर्चीत बसायचा. तिने आरसा उचलला की डावा हात वर जायचा, ती म्हणायची, "बरं... आज नको." दाढेला बाहेरून औषध लावायची, आणि मग दोघं बोलत बसायची. त्याच्या बोटांना पानांचा वास यायचा, तिच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा. एकदा कप देता घेता बोटं बोटांना लागली आणि दोघांनी एकदमच कप सोडला. कप फुटला. मावशींनी केर भरताना मान वर केली नाही, पण मुद्दाम खोकल्या मात्र.

*

घोटाळा मावशींच्या काटकसरीने केला.

उरलेला चोथा फेकून कसा द्यायचा? चहाचा चोथा गुलाबाला घालायचा असतो, हे मावशींना त्यांच्या आईने शिकवलं होतं. तेव्हा रोजच्या मांजरपुदिन्याचा चोथा त्या दवाखान्याच्या दारातल्या कुंड्यांना इमानेइतबारे घालत होत्या. गुलाबांना त्याचं काय वाटलं ते कळलं नाही. मांजरांना मात्र फार आवडलं.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एका सकाळी काका दाराशी आले आणि तिथेच थबकले. गावातली झाडून सगळी मांजरं पायरीवर होती. कोणी कुंडीला मिठी मारली होती, कोणी उताणं होऊन हवेत लाथा झाडत होतं, एक बोका भिंतीकडे बघून आपल्याशीच गात होता.

"एक मांजर आडवं गेलं तर काम अडतं म्हणतात," काका म्हणाले. "ही तर आडवी पडलीत! पोरी, हा दवाखाना आहे की गुत्ता?"

आणि नेमका तेव्हाच चपलवाला मोजपट्टी घेऊन आला. जागा बघायची, माप घ्यायचं, बोलणी पक्की करायची, असं त्याचं काकांशी ठरलं होतं. खिडकीवाला हातात पानांची पिशवी घेऊन दारात उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "माझ्यामुळे..." एवढंच तो म्हणाला.

चपलवाल्याने पट्टी सोडली. तिचं टोक हललं, आणि गाणाऱ्या बोक्याने गाणं थांबवून त्यावर झेप घेतली. ओढाताणीत दोघंही आत आले. चपलवाला धापा टाकत बाकावर बसला, मावशींनी सवयीने त्याच्या हातात कप दिला, आणि बोका त्याच्या मांडीवर चढून, एकदा गोल फिरून, झोपून गेला. त्यांचं तसंच असतं. आधी नशा, मग निद्रा.

हळूहळू सगळी मांजरं आत आली आणि मिळेल त्या मांडीवर झोपली. मग एक चमत्कार झाला, जो कुठल्याच वैद्यकीय पुस्तकात नाही. कोणीही उठेना. घाबरट माणूस यमाला फसवून उठेल, पण मांडीवर झोपलेल्या मांजराला उठवायचं पाप कोणाच्याने होत नाही. एकेकाचा नंबर लागला की मावशी मांजर अलगद उचलून पुढच्याच्या मांडीवर ठेवत, आणि आधीचा माणूस मुकाट आत जाई.

चपलवाल्याच्या मांडीवरचा बोका सर्वांत गाढ झोपणारा निघाला. दुपारपर्यंत तो बसून राहिला. बसल्या बसल्या त्याला आठवलं, आपलाही एक दात किडलाय. संध्याकाळी तो दात भरून, तोंड वाकडं करून, मोजपट्टी विसरून गेला.

काकांनी पट्टी गुंडाळून पुतणीच्या हातात दिली. "राहू दे तुझ्याकडे. खुर्ची तुझी," ते म्हणाले. मग खिडकीवाल्याकडे भुवई उडवून, "आणि काय हो पुदिना, तुमची दाढ करून झाली की नाही अजून?"

ती आणि तो, दोघंही एकदम जमिनीकडे बघू लागली.

*

दाढेला प्रेमातलं काही कळत नाही. दोनच दिवसांनी तो आला तो गाल सुजवून. हसायला गेला; अर्ध्याच चेहऱ्याने जमलं.

काकांनी बॅटरी मारून आत पाहिलं आणि तिला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"ही केव्हाच व्हायला हवी होती. पेशंट पळतो, ते मी समजू शकतो. तू का पळालीस?"

तिच्याकडे उत्तर होतं. फार वाईट उत्तर होतं. खुर्चीच्या बाजूला येऊन तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "चूक माझी आहे. तुम्ही हात वर केलात, तरी मी समजूत काढायला हवी होती. मी थांबले. कारण दाढ झाली की..."

वाक्य तिथेच अडलं. बाणांसकट सगळं समजावून सांगणारी बाई ती. पण याचं चित्र काही तिला काढता येईना.

"मी तरी कुठे घाई केली," तो सुजल्या गालाने म्हणाला.

"दुखत होतं ना पण?"

"खूप."

तिने औषधं लिहून दिली, सूज उतरायची वाट पाहिली, आणि त्या दिवसांत त्याचा थर्मास तिच्याच टेबलावर राहिला होता तो रोज उगाचच उघडून वास घेतला.

सूज उतरली. तो दिवस आला. "मी घेतो," काका बाह्या सरसावत म्हणाले. "एक झटका, विषय संपला."

"उपटायची नाहीये, काका. वाचवायची आहे. आणि मीच करणार."

काकांनी बाह्या खाली केल्या. करताना मिशीत हसले असावेत.

तो खुर्चीत बसला. चहा पिऊन झाला होता, तरी खुर्चीचे हात त्याने असे धरले होते की जणू ते सोबत घरी न्यायचेत. तिने आरसा उचलला. डावा हात वर जाणार म्हणून ती थांबली. वर गेला तो उजवा.

"काय हवंय?"

"चित्र," तो म्हणाला.

"काय?"

"दाढेचं. मुळं, सुई, कुठे शिरणार, कुठे वळणार... सगळं. बाणांसकट. आज समजावून सांगा मला."

तिने कागद घेतला. आयुष्यात एवढं सुंदर चित्र तिने काढलं नव्हतं. तो बघत होता. कागदाकडे कमी, काढणारीकडे जास्त. सांगून संपलं तेव्हा खुर्चीच्या हातांवरची त्याची पकड सुटली होती.

सुई टोचली. गाल बधिर झाला. यंत्र घरघरलं. डावा हात मांडीवरच राहिला. ती काम करत होती, आणि काम करताना नेहमीसारखी बोलत होती. फक्त आज विषय भलताच निघाला.

"आता पहिलं मूळ साफ करतेय... थोडं पाणी येईल. मघाचं वाक्य राहिलंय माझं. म्हणजे त्या दिवशीचं. हे दुसरं मूळ. दाढ झाली की तुम्ही यायचे थांबाल, असं मला वाटलं, म्हणून मी... तोंड मोठं उघडा. हे वैद्यकशास्त्रात बसत नाही, मला माहीत आहे. तिसरं मूळ जरा वाकडं आहे. माझ्यासारखं. हां... झालं, हलू नका."

त्याचे डोळे तिच्याकडे होते. डोळे सोडून त्याच्याकडे सध्या चालू स्थितीत काही नव्हतं.

शेवटी तिने हत्यारं ताटात ठेवली. "झालं. दाढ वाचली." मग आवाज शक्य तितका डॉक्टरी करून म्हणाली, "आता तुम्हाला परत यायची गरज नाही."

डावा हात वर गेला.

ती दचकली. "दुखतंय? अजून? कुठे?"

त्याला बोलताच येत नव्हतं. डावा हात तसाच ठेवून त्याने उजवाही वर केला.

"काय हवंय? पाणी?"

मान नकारार्थी हलली.

"गुळणी?"

पुन्हा नाही.

"काकांना बोलावू?"

मान इतक्या जोरात हलली की रुमाल सुटला. हात मात्र दोन्ही वरच. आणि मग... त्या दोन हातांच्या मधल्या चेहऱ्याकडे बघता बघता तिला कळलं. कुठे दुखतंय ते कळलं. काय हवंय तेही कळलं. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हात खाली करावेत म्हणून तिने ते धरले, आणि पुढे काय करायचं ते विसरून गेली.

दार ढकलून काका आत आले. मागे मावशी, त्यांच्या कडेवर करडं मांजर. काकांनी खुर्चीत हात वर करून पसरलेल्या माणसाकडे पाहिलं.

"अगं, दाढ केलीस की लुटलंस त्याला? पेशंट आहे की चोर?"

"चोरच आहे, काका," ती हात न सोडता म्हणाली. "मागच्या खिडकीतून पळताना मीच बघितलाय. आता दारातूनही सोडायची नाही."

मावशींनी गुपचूप करडं मांजर त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हणजे तो प्रश्नच मिटला.

हसतील त्याचे दात दिसतील, असं म्हणतात. तो हसला, त्या वेळी अर्ध्याच तोंडाने, उरलेल्या अर्ध्याने संध्याकाळी, बधिरपणा उतरल्यावर. दात दिसले. त्यांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, तिने वाचवलेली दाढही होती. पण तेवढं नीट बघायला फार जवळ जावं लागणार होतं. ती गेली.